पाते किती इंची असावे?

उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी अशा सीमांत वसलेल्या खानदेशातील चोपडे तालुक्यात कुऱ्हाडीचा आणि दोन माणसांनी ओढावयाच्या करवतीचा अंमल पिढ्यान्‌पिढ्या चालला. परंतु आज शेताच्या बांधावरची बाभूळ पाडावयाची असो, की अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर वळवाच्या वादळात आडवा झालेला निंब दूर करावयाचा असो, ते काम पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉकडे, म्हणजे लोकांच्या तोंडच्या कटर मशीनकडे, आले आहे. जर्मनीत आंद्रेआस श्टिल यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळी-करवत सिद्ध केली, तेव्हा ती पेलावयास दोन माणसे लागत. पुढे १९४७ साली अमेरिकेच्या ओरेगॉन प्रांतात जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे निरखून साखळीच्या दाताला नवा आकार दिला, आणि आजच्या साखळ्या त्याच वंशातल्या आहेत.

हे यंत्र घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा पात्याच्या लांबीचा असतो आणि विकणाराही ५८ सीसीच्या यंत्रावर २२ इंची पाते चढवून त्याचे समाधान करतो. माझ्या मते घोळ येथेच सुरू होतो. पाते लाकूड कापीत नाही; कापतात ते साखळीचे दात, आणि लाकडात रुतलेला प्रत्येक दात इंजिनाकडून आपल्या वाट्याची शक्ती वसूल करतो. .३२५ इंच पिचच्या (पिचचा अर्थ पुढे दिला आहे) नेहमीच्या साखळीत एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंतचे अंतर १.३ इंच भरते. म्हणजे फूटभर रुंदीच्या खोडात एका वेळी ९ दात राबतात, आणि २२ इंची पाते पुरते बुडाले की १७. इंजिन मात्र तेवढेच! म्हणून बारीक फांद्यांवर झकास चालणारे तेच यंत्र जाड बुंध्यात शिरताच कण्हू लागते. चालविणारा जोर देतो, साखळी मंदावते, क्लचच्या पट्ट्या ढोलात घसरून तापतात, आणि आखूड पात्याच्या हिशेबाने बसविलेला तेलाचा पंप लांब पात्याच्या टोकापर्यंत पुरेसे तेल पोहोचवू शकत नसल्यामुळे पात्याची कड निळी पडते.

खानदेशात पाते आणि इंजिन यांच्यातली ही तफावत अधिक जाचते, कारण येथील लाकूड मऊ नव्हे. वाळलेली बाभूळ कठीण खरीच, पण सातपुड्याच्या कोरड्या उतारांवरचा अंजन तर देशातील अत्यंत जड आणि टणक लाकडांपैकी एक. त्याच्यापुढे यंत्राच्या कोष्टकातली पात्याची कमाल लांबी गृहीत न धरता दोन-चार इंच खाली उतरावे, हेच शहाणपणाचे. ४० सीसीच्या आसपासच्या यंत्रास १४ ते १६ इंच, ५० ते ५८ सीसीस १६ ते १८, आणि २० इंचांपलीकडे नित्य काम असेल तर ७० सीसीचे इंजिन, ही माझी शिफारस. आखूड पात्याने मोठे झाड अडते, हा समजही खरा नव्हे; दोन्ही अंगांनी कापीत गेल्यास १८ इंची पाते अडीच फुटांचा बुंधा पार करते.

साखळी बदलताना मात्र केवळ इंच सांगून भागत नाही. लागोपाठच्या तीन रिबेटांमधील अंतराची निमपट म्हणजे पिच, आणि ते साखळी फिरविणाऱ्या चक्राच्या दातांशी व पात्याच्या टोकाशी तंतोतंत जुळले पाहिजे. पात्याच्या खाचेत फिरणाऱ्या कड्यांची जाडी म्हणजे गेज; .०५८ च्या खाचेत .०५० ची साखळी घातली तर ती बसते, परंतु आत डुलते आणि काप तिरका जातो. तिसरी गोष्ट त्या कड्यांची संख्या, १८ इंची पात्यास .३२५ पिचमध्ये साधारणतः ७२. पिच आणि गेज बहुधा पात्याच्या बुडाशी कोरलेले असतात; तेल-भुशाचा थर खरवडून ते वाचावेत, जुनी साखळी जमिनीवर पसरून कड्या मोजाव्यात, आणि मगच दुकानाची पायरी चढावी. त्याच फेरीत कानसही घ्यावी: .३२५ साठी ४.८ मिलिमीटरची, कारण जाड कानशीने उगाळलेला दात चकाकतो खरा, परंतु अंजनावर नुसता घासत राहतो.