भोर-वेल्ह्याची कोष्टके : स्प्रेडशीटमधील चिन्हे, कळी व आकड्यांचे दृश्यरूप

२०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या १,८६,११६, वेल्हे तालुक्याची ५४,५१६ आणि पुणे जिल्ह्याची ९४,२९,४०८ होती. तालुक्यांचा जिल्ह्यातील वाटा काढावयाचा म्हणून हे आकडे एक्सेलमध्ये लिहिले, भागाकाराचे सूत्र मांडले आणि उत्तरांचे सेल निवडून वरच्या पट्टीवरील टक्क्याचे चिन्ह दाबले, की भोरसमोर २ टक्के व वेल्ह्यासमोर १ टक्का असे आकडे उमटतात. त्यांवरून भोरची लोकसंख्या वेल्ह्याच्या दुप्पट आहे असाच समज वाचकाचा होईल. वास्तविक ती सुमारे ३.४ पट आहे. येथे आकडे लिहिण्यात चूक नाही, गणितातही नाही. टक्क्याचे हे चिन्ह एकही दशांशस्थान दाखवीत नाही, एवढ्यानेच हा भास निर्माण झाला.

स्प्रेडशीटमधील प्रत्येक सेलला दोन अंगे असतात, ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावयास हवी. एक त्यातील मूल्य, आणि दुसरे त्या मूल्याचे दृश्यरूप. वरील उदाहरणात वेल्ह्याच्या सेलमधील मूल्य ०.००५७८१... असे आहे व ते टक्क्याचे चिन्ह दाबल्यानंतरही तसेच राहते. या सेलवर आधारलेले पुढील सूत्र मूल्यच वाचते, दृश्यरूप नव्हे. दशांशस्थाने वाढविण्याचे चिन्ह दोनदा दाबले असता १.९७ आणि ०.५८ हे योग्य वाटे दिसू लागतात. लिब्रेऑफिस कॅल्क या मुक्त प्रणालीत टक्क्याचे चिन्ह मुळातच दोन दशांशस्थाने दाखविते. एकच काम करणाऱ्या दोन प्रणालींचे संकेत असे भिन्न असल्यामुळे, कोष्टक कोणत्या प्रणालीत तयार केले याची नोंद ठेवणे अगत्याचे ठरते. वेल्ह्यासारख्या लहान तालुक्याच्या अभ्यासात तर हा प्रश्न विशेष जाचक होतो. मोठ्या संख्यांच्या शेजारी लहान संख्या मांडली की पूर्णांकांची पहिली झळ तिलाच लागते.

दृश्यरूप बदलल्याने मूल्य बदलत नाही, हा नियम पाठ्यपुस्तकांतून निरपवाद म्हणून सांगितला जातो. परंतु तो फाइलच्या उंबरठ्यापर्यंतच खरा आहे. तेच कोष्टक संख्याशास्त्रीय प्रणालीत नेण्यासाठी सीएसव्ही या साध्या मजकूर-स्वरूपात जतन केले, तर एक्सेल त्या फाइलमध्ये सेलवर दिसणारा आकडा लिहिते. वेल्ह्याचा वाटा मग खरोखरीच १ टक्का होऊन बसतो, आणि मूळ फाइल जपली नसेल तर दशांश परत मिळण्याचा मार्ग उरत नाही. यास्तव सीएसव्ही करण्यापूर्वी संख्यांचे सर्व स्तंभ निवडून त्यांना सर्वसाधारण रूप द्यावे. कंट्रोल, शिफ्ट आणि तरंगरेषेची कळ एकत्र दाबल्याने ते होते. लोकसंख्येतील स्वल्पविरामही त्यामुळे निघून जातात, आणि फाइल वाचणाऱ्या प्रणालीला तेच सोयीचे असते.

याच्या उलट प्रकार जमिनीच्या नोंदींत आढळतो. सात-बाराच्या उताऱ्यावरून गट क्रमांक १२ चा हिस्सा ३ म्हणून १२/३ असे लिहिले, की एक्सेल ती तारीख समजते. संगणकावर दिवस-महिना हा भारतीय क्रम असेल तर सेलमध्ये १२ मार्च उमटतो. येथे बदललेले असते ते मूल्यच. एक्सेल तारीख ही दिवसांच्या क्रमसंख्येने साठविते; १ जानेवारी १९०० हा दिवस १ धरला जातो. म्हणून चूक लक्षात आल्यावर त्या सेलला मजकुराचे रूप दिले तरी १२/३ परत येत नाही. नोंद २०२५ साली केली असेल तर ४५७२८ ही परकी संख्या समोर येते. स्तंभाला मजकुराचे रूप द्यावयाचे ते नोंदी भरण्यास आरंभ करण्यापूर्वी. कंट्रोल आणि १ या कळी दाबल्या की त्यासाठीची चौकट उघडते. हेक्टर-आर क्षेत्र २-१० असे लिहिले तरी हीच गत होते. एका हेक्टराचे १०० आर असल्याने ते २.१० असे दशांशात लिहावे, म्हणजे बेरीजही करता येते.

चिन्हांचा हा पसारा आरंभीपासून नव्हता. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये आणलेल्या व्हिसिकॅल्कमध्ये तिरक्या रेषेची कळ दाबून पुढे आज्ञेचे आद्याक्षर द्यावे लागे. १९८३ च्या लोटस १-२-३ ने तीच रीत चालविली. एक्सेल १९८५ मध्ये प्रथम मॅकिंटॉशवर आले व माऊसने निवड करण्याची सवय रुळली. विंडोजवरील एक्सेलमध्ये तिरकी रेषा दाबली असता पट्टीवर आजही अक्षरे उमटतात, ती त्या जुन्या रीतीची खूण होय. जतन करण्याच्या चिन्हातील फ्लॉपी आज कोणी वापरीत नाही. चिन्ह मात्र टिकून आहे.

कळींचे शॉर्टकट वेळ वाचवितात असे नेहमी सांगितले जाते. संशोधकाच्या दृष्टीने त्यांचा मोठा उपयोग पडताळणीचा आहे. कंट्रोल आणि उलट्या अवतरणचिन्हाची कळ दाबली, की उत्तरांच्या जागी सूत्रे दिसू लागतात. सूत्रांच्या स्तंभात मध्येच कोणी हाताने आकडा लिहून ठेवला असेल तर तो लगेच उघडा पडतो. कंट्रोल-शिफ्ट-एल ने गाळणी लागते व एका तालुक्याची गावे वेगळी पाहता येतात.

गाळणी लावताच सुबक मांडणीचे दोष बाहेर येतात. तालुक्याचे नाव एकदाच, सर्व गावांच्या शेजारी मध्यभागी दिसावे म्हणून सेल जोडण्याचे चिन्ह दाबण्याची आवड फार आहे. जोडलेल्या सेलमध्ये नाव केवळ पहिल्या ओळीचे असते, उरलेल्या ओळी रिकाम्या. ‘भोर’ निवडले की एकच गाव दिसते. छापील पानावर शोभणारी ही मांडणी आकडेमोडीच्या पानावर वर्ज्यच मानावी. संशयास्पद नोंदींना पिवळा रंग देण्याची रीतही अशीच अपुरी आहे. बेरजेची नेहमीची सूत्रे रंग वाचीत नाहीत आणि सीएसव्हीत तो उरत नाही. शेजारच्या स्तंभात ‘संशयित’ हा शब्द लिहावा, रंग हवा तर त्यावर चढवावा.

वेल्ह्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्यास मान्यता दिली. २०११ ची कोष्टके वेल्हे म्हणतात आणि नव्या कागदपत्रांत राजगड येते. स्प्रेडशीटच्या लेखी ते दोन तालुके आहेत. कंट्रोल-एच दाबून सरसकट नाव बदलावे, तर ‘वेल्हे बुद्रुक’ या गावाचेही ‘राजगड बुद्रुक’ होऊन जाते. केवळ तालुक्याचा स्तंभ निवडून आणि संपूर्ण सेल जुळण्याची अट घालून बदल केल्यास हे टळते. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे दोन्ही काळांची कोष्टके जनगणनेच्या संकेतांकाने जोडणे. २०११ चे तालुका-संकेतांक पाच अंकी आहेत आणि महाराष्ट्रातील तालुक्यांचे शून्याने सुरू होतात. तो स्तंभही आधीच मजकूररूप केला नाही तर एक्सेल आरंभीचे शून्य गाळून टाकते. मूळ कोष्टकातील ‘वेल्हे’ हे नाव वेगळ्या स्तंभात तसेच राहू द्यावे.