दिवे लावा, पण भिंत बघून!

कर्जत-खालापूर म्हटलं की काय आठवतं? स्टेशनवरचा गरमागरम वडा, पावसाळी धबधबे आणि फार्महाउसवरची दणदणीत लग्नं! या लग्नांत डीजेच्या जोडीला आणखी एक हौशी पाहुणा आणता येतो, व्हिडिओ मॅपिंग. अंधार पडला की बंगल्याच्या भिंतीवर वेली चढतात, खांब वितळतात, कमानीतून वधू-वरांची नावं उगवतात. पण त्यासाठी प्रोजेक्टर कुठला घ्यायचा? आधी थोडा इतिहास, मग हिशेब. चला, लाइट्स ऑफ, फॅक्ट्स ऑन!

कल्याण आधी, ल्युमिए नंतर
माहीत आहे का? कर्जत लोकलच्या वाटेवरच्या कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्येच ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले होते. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे कंदील, पुढे पडदा. ल्युमिए बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात अवतरला ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे कल्याणची गाडी चार वर्षं बिफोर टाइम!

भुतांनी केला श्रीगणेशा
मॅपिंगचा गाजलेला पहिला प्रयोग लग्नात नाही, भूतबंगल्यात झाला. १९६९ मध्ये डिस्नेलँडच्या ‘हॉन्टेड मॅन्शन’मध्ये दगडी दिसणाऱ्या पुतळ्यांवर गाणाऱ्या माणसांचे चित्रित चेहरे पाडले आणि पुतळे चक्क गाऊ लागले.

नाशिककराचा ताजमहाल
माहीत आहे का? या तंत्रामागच्या संशोधनात एक मराठी नाव ठळक आहे. नाशिकचे रमेश रासकर, पुण्याच्या सीओईपीचे माजी विद्यार्थी. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘शेडर लॅम्प्स’ हे तंत्र मांडलं. ताजमहालाची पांढरीफटक प्रतिकृती ठेवली, तिच्यावर प्रोजेक्टरने रंग, पोत आणि सावल्या चढवल्या. ब्रशला हातही न लावता रंगकाम फत्ते!

काळा रंग? स्टॉक संपला!
प्रोजेक्टर सगळे रंग फेकतो, काळा सोडून. काळं म्हणजे जिथे उजेड नाही ती जागा. हलक्या प्रतीचा प्रोजेक्टर ‘काळ्या’ जागीही राखाडी धुकट चौकोन पाडतो आणि सगळं बिंग फुटतं. म्हणून ब्राइटनेसइतकंच कॉन्ट्रास्टचंही बघा.

लुमेनचा हिशेब, भागाकाराचा खेळ
भिंत १० मीटर रुंद, ६ मीटर उंच. क्षेत्रफळ ६० चौरस मीटर. प्रोजेक्टरचा उजेड (लुमेन) भागिले क्षेत्रफळ म्हणजे भिंतीवरचा उजेड (लक्स). प्रोजेक्टर ६,००० लुमेनचा असेल तर भिंतीवर पडतात १०० लक्स. २०,००० लुमेनचा असेल तर ३३३. आणि खोक्यावरचा आकडा बघताना ‘अँसी’ किंवा ‘आयएसओ’ लुमेन लिहिलंय का, तेही बघा. नुसत्या ‘लुमेन’वर भाळाल तर उजेड कमी आणि अंधारच जास्त पडेल!

चंद्र दोस्त, हॅलोजन दुश्मन
माहीत आहे का? पौर्णिमेचं टिपूर चांदणं जेमतेम पाव लक्सच्या आसपास असतं. मॅपिंगला त्याने काही फरक पडत नाही. खरा खलनायक आहे केटररच्या काउंटरवरचा हॅलोजन. शो सुरू होण्याआधी तो कोण बंद करणार, हे दुपारीच ठरवून ठेवा.

काळ्या दगडावरची रेघ
आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट दिसायला देखणा, पण उजेड गिळण्यात पटाईत. काळ्या दगडी भिंतीला पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त लुमेन लागतात. जांभ्यावर निळा रंग मलूल दिसतो. आधी भिंतीचा रंग सांगा, मग प्रोजेक्टर मागा.

थ्रो जमला तर शो जमला
अंतर भागिले चित्राची रुंदी म्हणजे थ्रो रेशो. १.५ ची लेन्स असेल तर १० मीटर रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर १५ मीटर मागे न्यावा लागतो. आणि तिथे नेमका स्विमिंग पूल असतो! मग ०.८ ची लेन्स लावा, ८ मीटरांत काम होतं. त्यामुळे लेन्स बदलता येणारं मॉडेल हे मॅपिंगवाल्याचं पहिलं प्रेम.

एक अंश, सव्वीस सेंटिमीटर
त्याच १५ मीटरवर प्रोजेक्टर फक्त एक अंश हलला, तर चित्र सुमारे २६ सेंटिमीटर सरकतं. खिडकीची चौकट थेट भिंतीवर! पाहुण्यांची पोरं जिथे लोंबकळू शकणार नाहीत अशी भक्कम परांची बांधा.

कर्जत-३ की फोर-के?
‘कर्जत-३’ हा इथल्या भात संशोधन केंद्राचा वाण. आता पिक्सेलचा वाण बघू! १० मीटर रुंदीवर फुल एचडीचा एक पिक्सेल सुमारे ५ मिलिमीटरचा होतो, फोर-केचा अडीच. प्रेक्षक वीस पावलं लांब असतील तर फुल एचडी चालतं. नावं आणि बारीक नक्षी जवळून दाखवायची असेल तर फोर-के.

खिशात वीस लाख आरसे
माहीत आहे का? प्रोजेक्टरच्या पोटातल्या फुल एचडी डीएलपी चिपवर २० लाख ७३ हजार ६०० इवलेसे आरसे असू शकतात, दर पिक्सेलला एक. सेकंदाला हजारो वेळा ते मान हलवतात. १९८७ मध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी हा शोध लावला. शीशमहाल तो, पण नखाएवढा!

लॅम्प की लेझर?
साध्या लॅम्पचं आयुष्य साधारण दोन-तीन हजार तास, लेझर फॉस्फरचं अनेकदा २०,००० तास. शिवाय बरेच लेझर प्रोजेक्टर उभे, आडवे, तिरके कसेही टांगता येतात. उंच मिनारावर चित्र पाडायचं असेल तर हा गुण लाखमोलाचा.

माथेरानला वाहतूक आणि घाम
कर्जत तालुक्यातल्या माथेरानमध्ये खासगी मोटारींना बंदी आहे. मोठा प्रोजेक्टर ५० किलोच्या घरात भरतो. गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापुढे टेम्पोचं काय करणार? तिथे हलका प्रोजेक्टर हाच हुशार प्रोजेक्टर!

खालापूरचे पडदानशीन
खालापूर तालुक्यातल्या इमॅजिकामध्ये ‘आय फॉर इंडिया’ राइडवर पाय अधांतरी लोंबकळत असतात आणि समोरच्या अवाढव्य पडद्यावरून भारत सरकत जातो. तिथून थोड्याच अंतरावर, चौकजवळ, कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी २००५ मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ. ‘जोधा अकबर’चे मुघल महाल तिथलेच. एकीकडे हलता पडदा, दुसरीकडे खोटे किल्ले. मॅपिंगला याहून चांगलं सासर कुठलं?

वीज? ती तर घरचीच!
माहीत आहे का? टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून वीज देतंय, सुरुवातीला तर थेट मुंबईच्या गिरण्यांना! तरीही फार्महाउसवर जनरेटर आणि यूपीएस विसरू नका. ऐन वरमालेला अंधार पडला तर वऱ्हाडी टाटांना नाही, तुम्हाला शोधतील.

तोक्योचा विक्रम
तोक्योच्या महानगर सरकारी इमारतीवरचा २०२४ पासूनचा कायमस्वरूपी मॅपिंग शो १३,९०४ चौरस मीटरचा आहे. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. आपल्या ६० चौरस मीटरच्या भिंती तिथे दोनशेहून जास्त बसतील!

तर मंडळी, झटपट निकाल ऐका. लग्नाच्या एखाद-दुसऱ्या शोसाठी प्रोजेक्टर विकत घेऊ नका, भाड्यानेच आणा. आणि बुकिंगच्या आधी पुरवठादाराला चार गोष्टी पाठवा: भिंतीचं माप, भिंतीचा रंग, मागची मोकळी जागा आणि रात्री काढलेला एक फोटो. एवढं हातात असलं की योग्य प्रोजेक्टर तो पाच मिनिटांत सांगेल.