घसरलेले आटे

फिरकीचें झांकण घाईनें वांकडें बसविलें, तर तें अर्ध्या वाटेवर अडकतें. आणि त्यावर जोर केला, तर झांकणाचे व बाटलीचे, दोहोंचेही आटे बिघडतात. घरांतील बाटली टाकून देतां येते. परंतु ज्या वस्तूच्या ऐवजीं दुसरी सहजासहजीं मिळत नाहीं, तिचे आटे गेले म्हणजे काय करावें? जुन्या ट्रॅक्टरच्या एंजिनावर काम करणाऱ्या कारागिरापुढें हा प्रश्न पुष्कळदां उभा राहतो, आणि त्याचें उत्तर मोठें बोधप्रद आहे.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरीं, बॅनर लेन येथील कारखान्यांत १९४६ ते १९५६ या काळांत टीई-२० या जातीचे पांच लाखांहून अधिक फर्ग्युसन ट्रॅक्टर तयार झाले. सर एडमंड हिलरी व त्यांचे सोबती याच जातीच्या ट्रॅक्टरांवरून ४ जानेवारी १९५८ रोजीं दक्षिण ध्रुवावर पोहोंचले. हे करड्या रंगाचे लहानखुरे ट्रॅक्टर इंग्लंडांतील हौशी मंडळी आजही जतन करून चालवितात. बर्फाला न डगमगलेल्या या यंत्राला बेजार करणारी वस्तु मात्र बोटाएवढी असते.

एंजिनाच्या हेडला फांद्या फुटलेली बिडाची नळी जोडलेली असते. तिला मॅनिफोल्ड म्हणतात. एका मार्गानें हवा व इंधन यांचें मिश्रण आंत जातें, दुसऱ्यानें जळलेला वायु बाहेर पडतो. ही नळी स्टडांनीं धरून ठेवलेली असते. स्टड म्हणजे डोकें नसलेला, दोन्ही टोकांस आटे असलेला पोलादी दांडा. त्याचें एक टोक हेडमध्यें कायम रुतलेलें असतें. दुसऱ्यावर नट बसतो. बीड हा धातु ठिसूळ. त्यांतील आटे वारंवार होणारी उघडझांप सोसत नाहींत. म्हणून झीज व्हावयाची ती स्टडची व नटची व्हावी, हेडची होऊं नये, अशी ही योजना आहे. स्टड सहज बदलतां येतो. हेड बदलतां येत नाहीं. साऱ्या दुरुस्तीचें सूत्र या एका वाक्यांत आहे.

मग हे आटे जातात कसे? जळलेल्या वायूच्या उष्णतेनें लोखंड प्रसरण पावतें व एंजिन थांबलें म्हणजे आकुंचन पावतें. वर्षानुवर्षें हें चाललें असतां आट्यांत गंज शिरतो. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें नट जणूं स्टडशीं एकजीव होतो. अशा वेळीं कोणी लांब पाना लावून हिसका दिला, कीं एक तर स्टड तुटतो, नाहीं तर हेडमधील आटे सोबत घेऊन बाहेर येतो. पुढें सांध्यापाशीं काजळीचा डाग दिसूं लागतो आणि एंजिनांतून टकटक असा आवाज येतो. आंत जाणाऱ्या मार्गाचा सांधा सैल झाला, तर बाहेरची हवा शिरून मिश्रण विरळ होतें व एंजिनाची शक्ति घटते. सुगीच्या दिवसांत वाळल्या पेंढ्याजवळ सांध्यांतून तप्त वायु फुटणें हें तर प्रत्यक्ष आगीचें भय होय.

शहाणा कारागीर प्रथम पाना हातीं घेत नाहीं. तो गंजांत झिरपणारें तेल सोडतो आणि रात्रभर वाट पाहतो. नंतर नट तापवितो, हलक्या हातानें ठोकतो, आणि पाना किंचित् पुढें, किंचित् मागें, असा फिरवितो. स्टड बाहेर काढावयाचा असल्यास त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून बसवितो व आंतला नट उलटा फिरवितो. स्टड तुटलाच, तर त्याचा बरोबर मध्य पंचानें खुणावून बारीक ड्रिलनें सुरुवात करतो. भोंक मध्य सोडून गेलें, तर हेडचें बीडच कापलें जातें. म्हणून या ठिकाणीं घाईला क्षमा नाहीं.

यानंतर मोजमाप. आट्यांचें माप इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं ठरविलें. त्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेंत विल्यम सेलर्स यांनीं १८६४ सालीं ६० अंशांचा कोन सुचविला. दुसऱ्या महायुद्धांत या भेदाची अडचण तीव्रतेनें जाणवली, आणि १९४८ सालीं ब्रिटन, कॅनडा व अमेरिका यांनीं एका समान मापास मान्यता दिली. फर्ग्युसनचा आरंभ नेमका याच संधिकाळांतला. पहिल्या ट्रॅक्टरांत अमेरिकन कॉन्टिनेंटल एंजिन असे, पुढें इंग्लंडांतील स्टँडर्ड कंपनीचें आलें. म्हणून नुसत्या नजरेनें आटे ओळखूं नयेत. तीन-अष्टमांश इंच जाडीच्या स्टडचे जाड आटे व्हिटवर्थ मापांत इंचाला १६, आणि समान मापांतही १६. नट दोहोंवर चढतो. पण कोन निराळा असल्यामुळें पकड खरी नसते. आटे मोजण्याच्या पट्ट्यांनीं संख्या व कोन दोन्ही ताडून पाहावे.

आतां उपाय, ते अशा क्रमानें योजावे, कीं हेडचा धातु कमींत कमी जावा. आट्यांत केवळ मळ वा गंज असेल, तर आटे साफ करण्याचें हत्यार हातानें फिरवावें. तोंडाशींच आटे गेले असतील व खोलवर चांगले असतील, तर अधिक लांब स्टड बसवावा. सर्वच आटे गेले असतील, तर पोलादी तारेचें वेटोळें बसवितात. तीन-अष्टमांश इंचासाठीं भोंक पंचवीस-चौसष्टांश इंचाचें करून त्यांत खास टॅपनें नवे आटे पाडतात, व स्प्रिंगसारखें तें वेटोळें आंत फिरवितात. त्याच्या आंतल्या बाजूस मूळ मापाचे आटे पुन्हां मिळतात. हेंही शक्य नसल्यास, हेडकडील टोक सात-षोडशांश इंच व नटाकडील मूळ मापाचें, असा पायरीचा स्टड लेथवर करून घ्यावा. बिडाला वेल्डिंग करणें हा शेवटचा उपाय. तापण्या-निवण्यांत चूक झाली, तर हेडलाच चीर जाते.

ड्रिल पृष्ठभागाशीं काटकोनांत धरावें, आणि खोलीची खूण त्यावर आधींच करावी. कांहीं भोंकांच्या मागें थंडाव्याचें पाणी खेळत असतें. वायुमार्गांत चिंध्या कोंबाव्या, म्हणजे बिडाची भुकटी आंत जाणार नाहीं. काम संपल्यावर चिंध्या मोजून काढाव्या. टॅप अर्धा फेरा पुढें, पाव फेरा मागें, असा चालवावा. शेवटीं नवी गॅस्केट घालून पितळी नट बसवावे, कारण पितळ गंजून चिकटत नाहीं. ते मधल्यापासून कडेकडे, थोडे थोडे आवळावे. आणि एंजिन एकदां तापून निवल्यावर पुन्हां तपासावे.

या कामांत महाग हत्यारें थोडीं लागतात; संयम मात्र पुष्कळ लागतो. तेल मुरण्यासाठीं एक रात्र थांबणें ज्याला जमलें, त्याचें निम्मे काम हेडला हात न लावतांच झालें. ज्याला तें जमलें नाहीं, त्याच्या एका हिसक्यानें सत्तर वर्षें टिकलेलें हेड भंगारांत जातें. आणि गेलेला धातु कोणताही कारागीर परत आणूं शकत नाहीं.