कारखान्यातला रंग एकदाच मिळतो

नव्या गाडीचा रंग शोरूममध्ये पाहू नये. तिथले दिवे गाडी देखणी दिसावी म्हणूनच लावलेले असतात आणि घेणाऱ्याचं लक्ष हार, पेढे आणि फोटोंत गुंतलेलं असतं. रंग पाहायचा तर गाडी धुऊन कोरडी केलेली हवी, सकाळचं तिरपं ऊन हवं आणि नजर पत्र्यात उमटणाऱ्या प्रतिबिंबावर हवी. माझी गडद निळी गाडी अशा उन्हात पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा बोनेटमध्ये दिसणाऱ्या सूर्याभोवती बारीक गोल ओरखड्यांचं जाळं चमकलं. टपावर बोटांना खरखरीत लागणारे तांबूस ठिपके होते. डाव्या पुढच्या दारावर रंगात अडकलेला एक कण होता. उजवं मागचं दार बाकीच्या दारांपेक्षा जरा जास्तच गुळगुळीत दिसत होतं, आणि पुढचा बंपर एका बाजूने पाहिला की बोनेटपेक्षा काळसर वाटत होता.

विक्रेत्याला फोन केला. उत्तर लगेच मिळालं. "मॅडम, गाडी पाठवून द्या. रबिंग मारून चकाचक करून देतो, एक रुपया घेणार नाही."

नव्या गाडीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती या फुकटच्या रबिंगची. तिचं कारण मला भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहून नीट समजलं. शेडच्या मालकांना तिथे सगळे मामा म्हणतात. त्यांनी उमेदीची वर्षं मोटारींच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये काढली आहेत. त्यामुळे रंग कसा काढायचा याआधी तो कसा चढतो हे त्यांना ठाऊक आहे.

पिंपरी, चाकण, रांजणगाव, नाशिक, कुठल्याही कारखान्यात ढोबळ क्रम तोच. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात, साधारण 20 मायक्रॉनचा. त्यावर प्रायमर. त्यावर ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो तो बेस कोट, आणि तो असतो जेमतेम 15 मायक्रॉनच्या आसपास. सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, 35 ते 50 मायक्रॉन. सगळं मिळून 100 ते 120 मायक्रॉन. माणसाचा केस 70 मायक्रॉनचा धरला, तर पुण्यातलं ऊन, बांधकामांची धूळ आणि कबुतरं यांच्यापासून रंगाला सांभाळणारा थर अर्ध्या केसाएवढा आहे. उन्हातले अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यंही याच थरात असतात.

वरचे थर भट्टीत 140 अंशांच्या आसपास भाजले जातात. त्या वेळी बॉडीत वायरी, सीट, टायर यांतलं काहीच नसतं. तयार गाडी इतकी तापवता येत नाही. म्हणून बाहेरच्या बूथमध्ये हार्डनर घातलेला रंग मारतात आणि तो 60 अंशांच्या आसपास सुकवतात. कसलेल्या हाताने मारलेला असा रंगही चांगला दिसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो, पण कारखान्यातल्या त्या भट्टीतून गाडी पुन्हा जात नाही. रबिंगने जे जातं ते याच वरच्या अर्ध्या केसातून जातं. ते कुणीही परत आणून देऊ शकत नाही.

मामांनी गाडी सावलीत घेतली, पत्रा गार होऊ दिला, धुतली, आणि खिशातून काड्यापेटीएवढं जाडीमापक काढलं. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकीय तत्त्वावर चालतं. टोक रंगावर टेकवलं की बीप वाजतो आणि आकडा येतो. त्यांचा भाचा मास्किंग टेपचे तुकडे फाडून प्रत्येक भागावर चिकटवत होता आणि मार्करने आकडे लिहीत होता. बोनेट 108, 112, 110. टप 115. डावी दारं 104 ते 118. मग उजवं मागचं दार: 236, 251, 229.

भाच्याने लिहिता लिहिता मामांकडे पाहिलं. मामा गुडघ्यावर बसले, दार उघडलं आणि कडेच्या रबराखाली नख फिरवलं. "ताई, इथं हात लावा." नखाला एक बारीक पायरी लागली. ती मास्किंग टेपची कड होती. रबरावर निळ्या रंगाची धुरकट फवारणीही होती, टॉर्च धरल्याशिवाय न दिसणारी.

"पुटी नाही," मामा म्हणाले. "पुटी असती तर आकडा पाचशे-हजाराच्या घरात गेला असता. म्हणजे दार फार ठोकलेलं नाही. पण रंग दुसऱ्यांदा मारलाय, आणि रबर बसल्यावर मारलाय. कंपनीत शेवटच्या तपासणीला दोष निघाला तर तिथंही दार परत रंगवतात. तिथं झालं, का ट्रकवर, का यार्डात, ते रंग सांगत नाही. ते कागदावरून काढायचं."

मला त्यांचं हे थांबणं आवडलं. यंत्राने जेवढं दाखवलं त्यापुढे ते एक पाऊल गेले नाहीत.

नवी म्हणून घेतलेली आणि गुपचूप रंगवलेली गाडी हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. 1990 मध्ये अलाबामातल्या एका डॉक्टरांनी सुमारे 40,750 डॉलरना नवी बीएमडब्ल्यू घेतली. काही महिन्यांनी आणखी चकाकी यावी म्हणून ती पॉलिशवाल्याकडे नेली, तेव्हा त्याने सांगितलं की काही भाग पुन्हा रंगवलेले दिसतात. वाहतुकीत, बहुधा आम्लपावसाने, रंग खराब झाला होता आणि कंपनीने 601 डॉलर खर्चून तो नव्याने मारला होता. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या 3 टक्क्यांच्या आत असेल तर विक्रेत्याला काही सांगायचं नाही आणि गाडी नवी म्हणूनच विकायची, असं कंपनीचं धोरणच होतं. ज्यूरीने 4,000 डॉलरची भरपाई आणि 40 लाख डॉलरचा दंड ठोठावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निम्मा केला, आणि 1996 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही अवाजवी ठरवला. 'बीएमडब्ल्यू विरुद्ध गोर' हा खटला कायद्याचे विद्यार्थी दंडाच्या मर्यादेसाठी वाचतात. मला त्यातला महत्त्वाचा वाटतो तो पॉलिशवाला. मालकाला महिनोन्‌महिने जे दिसलं नव्हतं, ते त्याला दिसलं.

दार बाजूला ठेवून मामा बाकीच्या दोषांकडे वळले. टपावरचे ठिपके म्हणजे लोखंडाचे कण. रेल्वेच्या रुळांवरून, ब्रेकमधून किंवा यार्डाशेजारी चालणाऱ्या ग्राइंडरमधून ते उडतात, रंगावर रुततात आणि गंजतात. त्यावर भाच्याने एक द्रावण फवारलं. क्षणभराने प्रत्येक ठिपक्यापासून जांभळा ओघळ सुटला आणि शेडभर सडक्या अंड्यासारखा वास पसरला. द्रावण सुकायच्या आत पाणी मारून, मग साबणाच्या पाण्यावरून क्लेचा मऊ गोळा हलकेच फिरवला. गोळा बोटांखालून सरकताना आधी खरखर ऐकू येत होती, ती हळूहळू थांबली. मधेच गोळा भाच्याच्या हातून फरशीवर पडला, तर मामांनी तो उचलून थेट कचऱ्यात टाकला. एक वाळूचा कण चिकटला तरी अख्ख्या टपावर ओरखडे.

मग बोनेट. हे ओरखडे यार्डात कुणीतरी धुळीवर फडकं मारल्याने आणि मग घाईने मशीन फिरवल्याने आलेले. बोनेटच्या मध्यभागी वीतभर चौकोन टेपने आखून घेतला. मामांच्या कपाटात लोकरी पॅड आहेत, जाड कंपाउंड आहे, सरळ फिरणारं जुनं मशीनही आहे. त्यांतलं काहीही बाहेर आलं नाही. त्यांनी मऊ स्पंजचा पॅड घेतला, त्यावर सगळ्यात सौम्य पॉलिशचे चार थेंब, आणि फिरता फिरता डोलणारं मशीन. अशा मशीनने एका जागी उष्णता कमी साठते. "कमी तिखटाने काम भागतं का ते आधी बघायचं. भागलं तर भांडं तिथंच झाकायचं," ते म्हणाले.

मशीन आडवं, मग उभं, अगदी सावकाश. वेग इतका कमी की मला वाटलं काही होतच नाहीये. मधे ते मशीन थांबवून पत्र्याला मनगटाची आतली बाजू लावत. फेरी संपल्यावर चौकोन आरशासारखा दिसत होता. मी "झालं की!" म्हणाले.

"अजून नाही झालं." त्यांनी अल्कोहोल मिसळलेलं पाणी फवारून चौकोन पुसला आणि हातातला दिवा तिरपा धरला. पॉलिशमध्ये तेल असतं, भराव असतो. तो ओरखड्यांत बसतो आणि ओरखडे गेल्यासारखे वाटतात. दोन-चारदा गाडी धुतली की सगळे परत. विक्रेत्याकडच्या झटपट चकाकीचं मर्म हेच. एक तर ती भरावाची असते, नाहीतर लोकरी पॅडने थर खरवडून काढलेली असते. आमच्या चौकोनात पुसल्यावरही दिव्याभोवतीचं जाळं नाहीसं झालेलं होतं. फक्त दोन खोल रेघा उरल्या होत्या. जाडी पुन्हा मोजली: 109. यंत्राला फरक कळू नये इतकं थोडं गेलं होतं.

"त्या दोन रेघा?"

"राहू द्या. त्या काढायला चार-पाच मायक्रॉन उतरवावे लागतील. पुढं दहा वर्षं गाडी वापरायची ना? मग आजच कशाला खर्च करायचा?"

बोनेटच्या कडा आणि मधली उठावाची रेषा टेपने झाकून, त्याच पद्धतीने उरलेलं बोनेट पूर्ण केलं. वळणाच्या कडेवर थर पातळ बसतो आणि मशीनचा सगळा दाब तिथेच एकवटतो. रंग जळून खालचा प्रायमर दिसू लागतो तो बहुतेक वेळा अशाच जागी.

दारावरचा कण मामांनी भिंगातून पाहिला. कण क्लिअरच्या वर डोकावत असता, तर त्याचं डोकं तीन हजार नंबरच्या कागदाने, बोटाच्या पेराएवढ्या ठोकळ्यावर घासून सपाट करता आलं असतं. हा खाली, बेस कोटमध्ये होता, आणि वरून क्लिअर सलग वाहिलेला होता. तो काढायचा म्हणजे दार रंगवायचं. म्हणजे 110 मायक्रॉनचं अस्सल दार घालवून बूथमधला रंग घ्यायचा, तेही तांदळाच्या कणीहून लहान ठिपक्यासाठी. मामांनी कागद जागेवर ठेवून दिला.

दारांवर संत्र्याच्या सालीसारखा पोत होता, त्यालाही हात लावला नाही. बंपर तर प्लास्टिकचा. मापक त्यावर गप्पच बसतं. तो वेगळा रंगतो, कमी तापमानाला सुकतो, आणि मेटॅलिक रंगातले अॅल्युमिनियमचे कण त्यावर वेगळ्या कलाने बसतात. म्हणून समोरून छटा जुळते आणि तिरकी पाहिली की हुकते. यासाठी भांडून बंपर परत रंगवून घेणारे लोक आहेत. त्यांना बहुधा आणखी वेगळी छटा मिळते.

शेडमध्ये मी जे पाहिलं त्यात दुरुस्तीइतकाच वेळ न करण्याच्या निर्णयांवर गेला. असा माणूस शोधणं कठीण आहे, कारण त्याला पैसे मिळतात ते केलेल्या कामाचे.

उजव्या दाराचं प्रकरण कागदावर लढायचं होतं. आकडे लिहिलेल्या टेपांचे, रबरावरच्या फवारणीचे फोटो काढले आणि विक्रेत्याला ईमेल लिहिला: हे दार कधी, कुठे, का रंगवलं, आणि त्या रंगाची हमी कोण देणार? "पॉलिश करून देतो" हे उत्तर स्वीकारणार नाही, असंही लिहिलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येतं, आणि त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथपर्यंत जावं लागलं नाही. वाहतुकीत दारावर ओरखडा पडल्याचं त्यांनी अखेर लेखी कबूल केलं आणि त्या दाराच्या रंगाची वेगळी लेखी हमी दिली. दार बदलून घेण्याचा हट्ट मी धरला नाही. नवं दारही शेवटी बूथमध्येच रंगवावं लागलं असतं.

गाडी घ्यायच्या वाटेवर असलेल्यांना मी एवढंच कळवळून सांगेन, की आरटीओत नोंदणी होण्याआधी यार्डात जाऊन, दिवसाउजेडी, गाडी पाहा. जाडीमापक असलेला माणूस सोबत न्या. एकदा क्रमांक पडला की गाडी बदलून मिळणं जवळजवळ अशक्य होतं. दोष दिसला तर डिलिव्हरीच्या कागदावर सही करण्याआधी तिथेच लिहा. आणि "ताबडतोब सिरॅमिक कोटिंग करून घ्या" असा आग्रह झाला तर आधी ओरखडे तपासा, नाहीतर ते कोटिंगखाली बंद होतात. एखादा भाग नुकताच रंगवलेला असेल, तर त्यातली द्रावकं उडून जायला काही आठवडे द्यावे लागतात.

निघताना मामांनी सगळे आकडे गाडीच्या आराखड्यावर उतरवून दिले आणि विचारलं, "धुतं कोण?" बहुतेक सोसायट्यांप्रमाणे आमच्याकडेही पहाटे एक भाऊ येतात. एकच बादली, एकच फडकं, रांगेतल्या सगळ्या गाड्या. गाळ त्याच पाण्यात खाली बसतो आणि फडक्यावर चढून पुढच्या गाडीवर जातो. मी त्यांना दोन बादल्या, गाडीचा शाम्पू आणि मायक्रोफायबरची फडकी आणून दिली. त्यांनी सरळ सांगितलं, की असं धुवायला दुप्पट वेळ लागतो आणि रोज जमणार नाही. ते बरोबरच होतं. आता ते माझी गाडी आठवड्यातून एकदाच धुतात, आधी पाण्याचा झोत मारून, आणि महिन्याचे पैसे पूर्वीपेक्षा जास्त घेतात. बाकी दिवस ती धुळीत उभी असते. ते धुळीवर कोरडं फडकं मारत नाहीत.