अनुस्फुरणजनक कार्यद्रव्ये

एंझाइमाची (जीवरासायनिक विक्रियेची गती वाढविणाऱ्या प्रथिनाची) क्रिया ज्या पदार्थावर होते त्याला कार्यद्रव्य म्हणतात. एंझाइमाच्या क्रियेने तुटून अनुस्फुरक पदार्थ (एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश तत्काळ उत्सर्जित करणारा पदार्थ) मुक्त करणाऱ्या कार्यद्रव्यांना अनुस्फुरणजनक कार्यद्रव्ये म्हणतात. एंझाइमाची क्रियाशीलता मोजण्यासाठी ती वापरतात.

४–मिथिल अंबेलिफेरोन हा नेहमीच्या वापरातील अनुस्फुरक पदार्थ होय. त्याच्या हायड्रॉक्सिल गटाला शर्करा किंवा फॉस्फेट जोडले असता त्याचे निळे अनुस्फुरण दबते. विशिष्ट एंझाइमाने हा बंध जलीय विच्छेदनाने तोडला की, ३६५ नॅनोमीटरच्या जंबुपार प्रकाशात मुक्त पदार्थ सु. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देतो. ज्ञात संहतीच्या विद्रावांशी या प्रकाशाची तुलना करून दर मिनिटाला मुक्त होणारी मात्रा काढतात. क्षारीय विद्राव (पीएच मूल्य सु. १०) मिसळल्यास बहुतेक एंझाइमांची क्रिया थांबते व अनुस्फुरणही वाढते. रंगमापनात तीव्र प्रकाशातील अल्प घट मोजावी लागते; येथे अंधाऱ्या पार्श्वभूमीवरील प्रकाश मोजला जातो. त्यामुळे ही पद्धत अधिक संवेदनशील ठरते. पांढऱ्या रक्तकोशिकांतील बीटा–ग्लुकोसिडेजाची कमतरता ओळखून गोशे रोगाचे निदान याच तत्त्वावर करतात.

पाण्याच्या परीक्षेत या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. पनवेलजवळील गाढी नदीवरील देहरंग धरणासारख्या उघड्या साठ्यांत पावसाळ्यात आसपासची घाण वाहून येऊ शकते. असे पाणी शुद्धीकरणानंतर पिण्यायोग्य झाले की नाही हे पाहताना एश्चेरिकिया कोलाय हा आतड्यातील सूक्ष्मजंतू मलदूषणाचा निदर्शक मानतात. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार १०० मिलि. पाण्यात तो मुळीच आढळता कामा नये. या सूक्ष्मजंतूच्या बहुतेक प्रकारांत बीटा–ग्लुक्युरोनिडेज हे एंझाइम असते. पी. सी. एस. फेंग व पी. ए. हार्टमन यांनी १९८२ मध्ये ४–मिथिल अंबेलिफेरिल ग्लुक्युरोनाइड वापरून त्याची ओळख पटविण्याची पद्धत मांडली. या तत्त्वावरील प्रचलित परीक्षेत पोषक द्रव्ये व कार्यद्रव्य मिसळलेला नमुना ३५° से. तापमानास सु. २४ तास ठेवून जंबुपार दिव्याखाली पाहतात.

तथापि अनुस्फुरण एंझाइमाची साक्ष देते, सूक्ष्मजंतूची नव्हे. रक्ती अतिसारास कारण होणाऱ्या ओ १५७ : एच ७ या घातक प्रकारात ही क्रिया सामान्यतः दिसत नाही, उलट, काही इतर सूक्ष्मजंतूंतही हे एंझाइम असते. म्हणून नमुना चमकला नाही एवढ्यावरून पाणी सर्वथा निर्धोक ठरत नाही. संशयास्पद परिस्थितीत अन्य परीक्षांची जोड आवश्यक असते.