बाजरीची भाकरी आणि जेवणावरचा चहा

गावोगावी बायका विचारतात, "ताई, आम्ही माळकरी. मटण नाही, अंडं नाही. मग अंगात रक्त यायचं कुठून?"

प्रश्न खरा आहे. 2019-20च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांपैकी 54 जणींना रक्त कमी होतं. पाळीमुळं बाईला लोह जास्तच लागतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम, बाईला 29. आणि जेवायला ती बसते शेवटी, पाणी घालून वाढवलेल्या आमटीवर!

आपल्या जिरायत पट्ट्यातली बाजरी घ्या. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण 6 मिलिग्रॅम लोह असतं. 2012 साली आलेल्या 'धनशक्ती' वाणात त्याहून जास्त. बियाणं आणताना नाव घेऊन विचारा. जोडीला मटकी, हुलग्याचं माडगं, तांदुळजा, हळीव. डाळ-कडधान्य भाकरीसोबतच खावं. भाकरीच्या प्रथिनात जे कमी असतं ते डाळ भरून काढते.

पण धान्य-भाजीतलं लोह अंगाला लागायला अवघड. त्याला क जीवनसत्त्वाची मदत लागते. म्हणून ताटात लिंबाची फोड हवी. लिंबू शिजवताना नको, वाढल्यावर पिळा. इंदापूरकडं पेरूच्या बागा आहेत. बाजारात न गेलेला बारका पेरू जेवणासोबत खा, काम तेच होतं. मटकीला मोड आणले की त्यातलं लोह सुटं होतं.

आता चहा. भाकरी खाल्ली की लगेच कपभर चहा घ्यायची आपली सवय. चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो, ते तसंच बाहेर जातं. चहा सोडा म्हणत नाही, ते मलाही जमलेलं नाही! जेवणाआधी-नंतर तासभर थांबा, एवढंच.

एक गोष्ट मात्र भाकरीत नाही नि भाजीतही नाही: बी-12 जीवनसत्त्व. अंडं-मटण न खाणाऱ्यांना ते दूध, दही, ताकातूनच मिळतं. बारामती-इंदापुरात दारोदारी गाई आहेत, पण दूध सगळं डेअरीला जातं आणि घरात उरतं चहापुरतं. डेअरीला घालायच्या आधी स्वतःच्या वाटीभर दह्याचं दूध बाजूला काढा. हातापायाला सारख्या मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना बी-12 तपासायला सांगा.

आशाताई लोहाच्या गोळ्या देतात, त्या चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका. लिंबूपाण्यासोबत घ्या. शी काळी होते, घाबरून गोळी बंद करू नका.