फिन आधी पायाला बसली पाहिजे

पहाटे साडेपाच

मालवणात दांडी किनाऱ्याला लागून आमची स्कूबाच्या सामानाची खोली आहे. दिवा लावला की समोर खुंट्यांना टांगलेल्या फिन्स दिसतात, एकूण चौतीस जोड. त्या टांगूनच ठेवायच्या हा माझा हट्ट. पात्याच्या टोकावर भिंतीला टेकवून ठेवलेली फिन काही दिवसांत वाकते. मग पाण्यात ती पाय एका अंगाला ओढत राहते, आणि नवख्या माणसाला वाटतं की आपल्यालाच पोहता येत नाही.

बोट निघायच्या आधी प्रत्येक पट्टा बकलापाशी दुमडून बघतो. रबर जुनं झालं की दुमडीवर केसाएवढ्या पांढुरक्या रेघा उमटतात. नख फिरवलं की त्या हाताला लागतात. अशी एक रेघ दिसली तरी तो पट्टा काढून टाकतो. माझ्या पहिल्या हंगामात ओढीच्या पाण्यात माझाच पट्टा तुटला होता. एक फिन गेली. उरलेल्या एका पायावर बोटीपर्यंत यायला जो वेळ लागला, तो मी विसरलेलो नाही. त्यानंतर माझ्या फिन्सना स्टीलच्या स्प्रिंगचे पट्टे आहेत. ते सहसा तुटत नाहीत, आणि ओल्या हातांनीही झटकन ओढता येतात.

साडेसहा

टाक्या, वेटबेल्ट, मास्क, फिन्स बोटीत चढले. पलीकडे सिंधुदुर्ग किल्ला, अलीकडे पद्मगड. एका बाजूला रापणीचे लोक जाळं आवरतायत. आमच्या बोटीचे तांडेल काका आभाळाकडे बघून म्हणाले, "आता वारो नाय, पण अकराक सुटतलो." सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो तोवर पाणी शांत. खारा वारा सुटला की लाट उठते, खालची माती ढवळते आणि दिसणं कमी होतं. आमच्याकडे पाच-सात मीटरवरचं स्पष्ट दिसलं तर तो दिवस चांगला.

आठ

पहिली तुकडी. मालवणला स्कूबा करायला येणाऱ्यांपैकी पुष्कळांना पोहता येत नाही, आणि त्यांच्या पायात बरेचदा फिन्स नसतातच. मागून त्यांची टाकी धरून मी त्यांना पुढे नेतो. म्हणजे दोन देह आणि दोन टाक्या माझ्या दोन पायांवर चालतात. म्हणून माझ्या फिन्स आखूड, रुंद आणि सगळ्या रबराच्या आहेत. पात्याच्या मुळाशी पाणी निसटायला खाचा आहेत. 1964 साली फ्रान्सच्या बुशा कंपनीने आणलेल्या जेटफिन्सचं हे घराणं, आणि आजही काम करणारे डायव्हर त्याच घराण्यातल्या फिन्स मागतात. जोड हातात घेतला तर जड लागतो, पाण्यात सोडला तर बुडतो. पण धक्का देताना पातं लुळं पडत नाही, आणि जागच्या जागी वळता येतं, मागे सरकता येतं.

हे मागे सरकणं फार कामाचं आहे. किल्ल्याच्या खडकांवर प्रवाळ आहेत, पोराइट्सचे गोल गड्डे आहेत. असा गड्डा वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतो. लांब पात्याने वरखाली पाय मारत कोणी त्याच्या जवळून गेला की एक तर तळाची माती उठून प्रवाळावर बसते, नाही तर पात्याची कडच लागते. माझ्यामागून आलेल्या माणसाच्या फिनने तुटलेला पांढरा कपचा मी उचलून पाहिला आहे. तेव्हापासून मी बेडकासारखे पाय मारतो: गुडघे थोडे दुमडायचे, पाय बाजूला उघडायचे आणि तळवे एकमेकांकडे आणायचे. पाणी मागे जातं, खाली जात नाही. 1987 पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे. नियम कागदावर असतात, खाली मात्र आमचे पायच असतात.

साडेनऊ

स्नॉर्केलिंगची मंडळी. पाण्यावर तरंगत खाली बघणाऱ्याला जड फिनची गरज नाही. त्यांना मी टाच झाकणाऱ्या, बुटासारख्या आखूड फिन्स देतो. हलक्या असतात, बॅगेत मावतात, मुलांचे पायही दुखत नाहीत. आज एका आठवीतल्या मुलीला तिच्या बाबांनी मोठ्या मापाची घालायला लावली होती, "सैल असलेली बरी" म्हणून. दहा मिनिटांत पोटरीत गोळा आला. सैल फिन पायातून निसटू नये म्हणून माणूस नकळत बोटं आवळून धरतो आणि त्यातून गोळा येतो. तिला बोटीला धरायला लावलं, फिनचं टोक हाताने धरून नडगीकडे ओढायला सांगितलं. पोटरी ताणली गेली, गोळा सुटला. मग एक माप कमी दिलं आणि ती तासभर पाण्यात राहिली.

साडेदहा

आज ज्या कामाची मी वाट बघत होतो ते हे. सांगलीचं एक जोडपं, दोघंही शिक्षक. गेल्या वर्षी आमच्याकडे शिकले, आता अंदमानला जायचंय आणि स्वतःच्या फिन्स घ्यायच्यात. बाईंच्या हातात मोबाईल, त्यात आठ-दहा फिन्सचे फोटो. "दादा, यातली सगळ्यांत चांगली कुठली?"

मी म्हटलं, "मॅडम, फोन पिशवीत ठेवा आणि बूट काढा."

आधी पाय बघायचा. सरांचा पंजा रुंद, मॅडमचा अरुंद आणि वरून उंच. टाच उघडी असलेली फिन रबरी बुटावर घालतात, म्हणून ज्या बुटावर डाइव्ह करणार तो घालूनच माप बघायचं. तीन मिलिमीटरच्या बुटाला बसलेली फिन पाच मिलिमीटरच्या बुटाला बसत नाही. फिन आणि बूट दोन्ही ओले करून चढवायचे. मग बसल्या बसल्या पाय झटकायचा. टाच हलली तर मोठी, बोटं दुमडली तर लहान. पावलाच्या वरच्या उंचवट्यावर पट्टी रुतता कामा नये. इथेच मॅडमच्या यादीतल्या एका कंपनीच्या चार जोड्या बाद झाल्या, कारण त्या कंपनीचा पायाचा खण त्यांना वरून दाबत होता. फोटोत हे कळत नाही.

मग पाण्यात. नांगराच्या दोरापासून लाल बोयापर्यंत अंदाजे पन्नास मीटर. तीन जोड दिले, प्रत्येकाने पाय किती वेळा मारले ते मोजायचं आणि परत येऊन दम किती लागला ते सांगायचं.

पहिला जोड लांब पात्याचा, श्वास रोखून बुडी मारणारे वापरतात तसा. सर बत्तीस झटक्यांत पोचले, पण परत आले ते धापा टाकत. लांब पातं एका झटक्यात जास्त पाणी ढकलतं, आणि तेवढंच बळ मांडीकडून मागतं. पाठीवर टाकी असताना त्याची किंमत हवेत मोजावी लागते.

दुसरा जोड मधून चिरलेल्या पात्याचा. मॅडम खूश झाल्या, "काहीच जड वाटत नाही!" वरखाली लहान लहान पाय मारणाऱ्याला, गुडघे दुखणाऱ्याला ही फिन खरोखर सुखाची आहे. पण बेडकासारखे पाय मारायला सांगितलं तर पाणी चिरेतून निसटलं आणि त्या जागच्या हलेनात. प्रवाळाशेजारी थांबायचं असेल तर मी ही फिन सुचवत नाही.

तिसरा जोड साधा, मध्यम लांबीचा, कडेला कणखर दांड्या आणि मधे मऊ रबराच्या दोन पट्ट्या. झटका दिला की मऊ पट्ट्या आत जातात, पात्याला पन्हळीसारखा खोलगट आकार येतो आणि पाणी कडेने सांडत नाही. मॅडमना त्रेचाळीस झटके लागले, पण वर आल्यावर त्या सरळ वाक्यात बोलत होत्या. मला हेच ऐकायचं होतं.

सरांचा डोळा अजून माझ्या काळ्या रबरी फिन्सवर. त्यांना घालायला दिल्या. अंगात पातळ सूट, पाय बारीक, त्यामुळे दोन मिनिटांत पाय खाली लोंबायला लागले आणि ते पाण्यात तिरके झाले. जाड सूटमध्ये ज्यांचे पाय वर तरंगतात त्यांना जड फिनचा आधार होतो. अंदमानच्या कोमट पाण्यात त्यांना हे वजन नको. शिवाय विमानाच्या सामानात अडीच-तीन किलो त्यातच जाणार. त्यांनीही तिसराच जोड घेतला, एक माप मोठा.

एक

तांडेल काकांचा वारा बरोबर अकराला सुटला होता. बोट बांधली, बांगड्याचं तिखलं आणि भात. सरांनी विचारलं, फिन्स पहिल्यांदा कोणी काढल्या? लुई द कोर्लिय या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने 1933 मध्ये पेटंट घेतलं, आणि पुढे ओवेन चर्चिल या अमेरिकन माणसाने आपलं. काका ऐकत होते. म्हणाले, "माशाक ह्या आधीपासून ठावक आसा."

साडेपाच

दुपारच्या दोन फेऱ्या झाल्या. गढूळ पाणी, फार दिसलं नाही. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता गोड्या पाण्याची टाकी भरली. प्रत्येक फिन बुडवायची, बकलातली वाळू अंगठ्याने काढायची. बकलात मीठ सुकलं की ते अडकतं, आणि नेमकं बोटीच्या शिडीपाशी उघडत नाही. मग सावलीत निथळत ठेवायची. उन्हात टाकलेलं रबर लवकर म्हातारं होतं. नव्या फिनच्या आत प्लास्टिकचा साचा येतो, तो फेकू नका. ठेवणीत तो घालून ठेवला तर पायाच्या खणाचा आकार बिघडत नाही. नवीन पोरगा फिन्स घालून सिमेंटवर चालत होता, त्याला थांबवलं. त्याने पात्याची मुळं मोडतात आणि माणूस तोंडावर पडतो. चालायचंच असेल तर उलटं, पाठमोरं चालायचं.

सात

चौतीस जोड पुन्हा खुंट्यांवर. एक पट्टा बदलायचा आहे, तो टेबलावर काढून ठेवला.

जाता जाता मॅडमनी विचारलं होतं, मैत्रिणींना काय सांगू? तुम्हालाही तेच सांगतो. दोन-तीन डाइव्ह भाड्याच्या फिन्सवर करा, दर वेळी वेगळा जोड मागून घ्या. मग आपले बूट पिशवीत घालून दुकानात जा आणि पायात घातल्याशिवाय पैसे देऊ नका. वर्षातून एकदाच स्नॉर्केलिंग करणार असाल तर विकत घेऊच नका. आमच्याकडे आहेत, धुतलेल्या आहेत, फक्त आपलं खरं माप सांगा.